बोकड विरघळतो, तर शेंबूड काय चीज!

थंडीत गिरणेवरून गार वारं सुटलं, की भडगावात सर्वात आधी माझं नाक दार लावून घेतं. मग 'मामा' म्हटलं की 'बाबा' ऐकू येतं, आणि मामा उगाच घाबरतात.

मेडिकलवाल्याने गोळी दिली: सेराशियोपेप्टिडेज. गोळीचं कूळ मात्र खानदानी. रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूत हे एन्झाइम सापडलं. म्हणे, पतंगाला कोषातून वाट करून देतं. मी रात्रभर वाट पाहिली. पतंग कोषातच. मागाहून वाचलं, की जपानमध्ये टाकेडा कंपनीने २०११ सालीच ही गोळी मागे घेतली होती. चाचणीत ती औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. आपल्याकडे ती अजून सुखाने नांदते आहे.

आता हुशार माणसाने इथे थांबावं की नाही? पण मला रसायनशास्त्र आठवलं. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, ते प्रथिनं तोडतं. म्हणून तर पपई चोळलेलं मटण, बोकड कितीही म्हातारा असो, गुमान शिजतं. शेंबडाचा चिकटपणा तरी कशाचा? म्युसिन नावाच्या प्रथिनाचा! आणि खानदेशात पपईला काय तोटा?

मित्राच्या मळ्यात भल्या सकाळी हिरव्यागार पपईला उभ्या चिरा पाडल्या. वाटीत दुधासारखा चीक ठिबकू लागला. सालदार लांबूनच ओरडला, "काय व्हयनं भो, भूत लागनं का?" मी उत्तर न देता मधात कालवून चीक घेतला.

पपेनला कोणी पत्ता लिहून दिलेला नसतो. शेंबडाचं प्रथिन कुठलं, जिभेचं कुठलं, त्याला काय कळणार! समोर आली जीभ. त्याने कामाला सुरुवात केली. ओठ सुजून भजी झाले. जे पोटात उतरलं, त्याचा निकाल तिथल्या आम्लाने लावला असणार. पपेन तरी शेवटी प्रथिनच. नाकापर्यंत खबरही पोचली नाही.

डॉक्टरांनी आधी जीभ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा म्हणाले, आणि तिखट बंद.

म्हणजे हातचा उपायही गेला. काळ्या मसाल्याची शेवभाजी पहिल्या घासालाच नाक वाहतं करते. त्याच संध्याकाळी घरात नेमकी तीच झाली, तर्री अशी की ताटाला धग लागावी. माझ्यापुढे दूधभात.

"नुसता वास घ्या," बायको म्हणाली.

कुठून घेणार?