फुल्या फुल्या फिटर

ऐकलंत का? आमच्या पिंपरी-चिंचवडात हल्ली ज्याला त्याला एकांकिका लिहायचीय, नाहीतर वेब सिरीज. आणि पहिल्या पानावर शिवी पडली नाही तर लेखकालाच धाकधूक, आपल्या हातून चुकून बालनाट्य तर झालं नाही ना!

माझा भाचा चाकणला एका कंपनीत लाइनवर आहे. फर्स्ट शिफ्टला पहाटे बस पकडतो, संध्याकाळी नाटक लिहितो. एका रविवारी निगडीला माझ्याकडे आला. कामगार नाट्यस्पर्धेसाठी लिहिलेलं वाचून दाखवायचं होतं. गॅलरीत बसलो. दुसऱ्याच वाक्याला भकाराची आली. चौथ्याला पुन्हा तीच. समोरच्या काकूंनी धाडकन खिडकी लावली. मी पेपरच्या कडेला रेघा मारायला घेतल्या, चार उभ्या, एक आडवी, भाजीवाल्याच्या हिशोबासारख्या. पडदा पडेपर्यंत ४१ भरल्या.

"सौंदाळ्याला असतास तर साडेवीस हजार मोजावे लागले असते," मी म्हटलं. नेवासे तालुक्यातलं गाव. आई-बहिणीवरून शिवी दिली की ५०० रुपये दंड, असा ठरावच ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये केला. भाचा हसला. त्याला वाटलं मावशी सोवळ्यात बसलीय.

मी कसली सोवळी! माझं माहेर खंडाळा तालुक्यातलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहून, हातवारे करत, एकमेकींना शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. लोक लांबून बघायला येतात. लहानपणी तो बार पाहिलेल्या बाईला भाच्याची ती एकुलती एक भकाराची म्हणजे अगदीच शिळी भाकरी.

बरं, नाटक करायचंय कुठे? तर आचार्य अत्रे रंगमंदिरात. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर अश्लील, अश्लील म्हणून तुटून पडले ते हेच अत्रे, आणि स्वतः कुणाला धरलं की समोरच्याची सालटी काढल्याशिवाय सोडायचे नाहीत तेही हेच. त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहे संत तुकारामनगरात. तुकोबांच्या गाथेत दांभिकांना काय काय ऐकून घ्यावं लागलंय ते देहूकरांना माहीत आहे. म्हणजे शिवीच्या बाबतीत जागा तशी पवित्रच.

माझी तक्रार दुसरीच होती. नाटकात चौघं. फिटर लातूरचा, सुपरवायझर नागपूरचा, ट्रेनी कोल्हापूरचा आणि कँटीनवाली मावशी रत्नागिरीकडची. चौघांच्या तोंडी शिवी एकच! डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस चार वेळा शर्ट बदलून येतोय असं वाटावं. आणि कँटीनची मावशी? कोकणातली बाई, जिच्या जिभेवर 'मेल्या' आणि 'जळ्ळं मेलं लक्षण' जन्मापासून तयार असतं, ती पोह्यांत मीठ कमी पडलं म्हणून दिल्लीकडची शिवी देते? अगो बाई!

"पण मावशी, लाइनवर खरंच असंच बोलतात," भाचा पेटला. "लातूरचा असो, बिहारचा असो, सगळे तीच देतात. आमची कॉमन भाषाय ती."

खोटं नव्हतं ते. चार राज्यांची पोरं एका लाइनवर उभी केली की आधी शिवीच सामाईक होणार. मी जरा गप्प बसले. मग विचारलं, "पायावर पाना पडला की काय म्हणतात?"

तो थांबला. डोळ्यांपुढे एकेकाला आणत सांगू लागला. लातूरचा 'मायऽऽ' म्हणून खाली बसतो. नागपूरवाला 'बाप्पा!' म्हणतो. कोल्हापूरचं पोरगं 'आयाऽऽ' करून एका पायावर नाचतं, आणि नाचता नाचताच ज्याने पाना पाडला त्याला 'रांडेच्या' म्हणतं, तेही प्रेमाने. जेवताना पुन्हा दोघं एकाच डब्यात.

बघा! शिवी कंपनीत आल्यावर मिळते, बूट-हेल्मेटबरोबर. कळवळून जे निघतं ते माणूस घरून घेऊन आलेला असतो. आणि नाटककाराने नेमकं तेच गेटवर जमा करून ठेवलेलं.

गंमत तर पुढे आहे. शिवी किती लांब द्यायची हे समोर कोण आहे त्यावर. सगळी ओळ तोंडातून गेली तर ती शिवी. पुढचं गाळून '…च्या आईला' उरलं, ते घासून 'च्यायला' झालं, आणखी घासून 'आयला' झालं. आता तर ते शाळकरी पोरंही आजीसमोर म्हणतात. भाच्याने मला करूनच दाखवलं. नट सटकतो, फिटर तोंड उघडतो, "तुझ्या आयऽऽ–" आणि तेवढ्यात प्लांट हेड दिसतात. "–या, या सर!" हे खरं नाटक. हे संहितेत होतं का? नव्हतं. तिथे प्लांट हेडसमोरही भकारच.

तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' आठवा. १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, कमलाकर सारंग कोर्टात गेले, केवढा गहजब! पण निळू फुल्यांनी उभ्या केलेल्या त्या सखारामाच्या तोंडातून शिव्या काढा, माणूसच उरत नाही. भाच्याच्या ४१ मधल्या कुठल्याही वीस काढा, फिटरच्या बायकोलाही कळणार नाही. 'वस्त्रहरण'मध्ये मालवणीच्या जागी प्रमाण भाषेतल्या शिव्या घालून बघा, नाट्यगृहात फक्त पंखे ऐकू येतील. आणि शिवीच लागते असंही कुठे आहे? 'कोसला'तला सांगवीकर नुसतं 'वगैरे' म्हणतो. १९६३ पासून तो त्या 'वगैरे'वरून अंधारातही ओळखू येतो.

"तुमचा खरा सुपरवायझर चिडला की काय म्हणतो?" मी विचारलं.

"काही नाही. 'बरंय' म्हणतो. आणि रिजेक्शनच्या ट्रेकडे बघतो."

"मग?"

"मग सगळ्यांची फाटते."

तो 'बरंय' घेऊन भाचा गेला. पुढच्या रविवारी नवीन प्रत. भकाराची आता एकदाच येते, तीही ट्रेनीच्या तोंडी. शहरात नवा आहे ना, चारचौघांत द्यायचा सराव करतोय, आणि नेमकी चुकीच्या माणसाला देतो. कँटीनची मावशी 'मेल्या' म्हणत त्याच्या ताटात जास्तीची पोळी टाकते. सुपरवायझर तीनदाच 'बरंय' म्हणतो. तिसऱ्याला माझ्याच पोटात गोळा आला.

वाचन संपलं तशी समोरची खिडकी किलकिली झाली.

"काय हो," काकू म्हणाल्या, "मागच्या रविवारचं बदललंत का? मला तेच जास्त आवडलं होतं. मधलं थोडं नीट ऐकू आलं नाही एवढंच. आमची ही खिडकी मेली पूर्ण लागत नाही म्हणून निदान तेवढं तरी आलं."