कर नाही त्याला डर कशाला

आमच्या घराण्यात कर भरणारे झाले, बुडवणारे झाले, आणि अण्णाकाकांच्या रूपाने वसूल करणारेही झाले. नुसतं कराविषयी बोलायला म्हणून साता समुद्रापार गेलेली मी पहिलीच. जर्मनीत बॉनला एका विकास-सहकार्य संस्थेच्या ‘कर आणि शाश्वत वित्त’ विभागात इंटर्नशिप मिळाली, तेव्हा विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, “धाडी घालायला नेतात का गं?” नाही म्हटल्यावर त्यांचा या क्षेत्रातला रस संपला. आईने पगार विचारला. तिचाही संपला.

पगाराची भानगड अशी. जर्मनीत स्वखुशीने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांच्या वर गेली की किमान वेतन द्यावंच लागतं. म्हणून तिथे कितीतरी इंटर्नशिपा बरोब्बर तीन महिन्यांत आटोपतात. माझीही त्यातलीच. आणि मी दिवसभर टिपणं कशावर काढायची, तर बहुराष्ट्रीय कंपन्यांवरच्या १५ टक्के किमान करावर! २०२१ मध्ये १३०हून जास्त देशांनी तो मान्य केला. वर्षाला ७५ कोटी युरोंची उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून पुढे तो लागू होतो. मर्यादा आखली की तिच्या जरा अलीकडे थांबायचा मोह कसा होतो, यावर मी एक परिच्छेद लिहिला. त्यासाठी ग्रंथालयात जावं लागलं नाही. माझं करारपत्र खणातच होतं.

कर हा विषय शिकायला जर्मनीसारखा देश नाही. तिथे उतरलेला माणूस आधी पालिकेत नाव नोंदवतो. मग टपालाने अकरा आकडी करक्रमांक येतो, तो जन्मभराचा. (हा क्रमांक देणारी केंद्रीय कचेरी बॉनमध्येच आहे, ऱ्हाइनच्या पलीकडे.) नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना पाहून मला वाटलं, स्थळबिळ बघतायत की काय. पण चर्चचे सभासद असाल तर चर्चकर द्यावा लागतो, त्या राज्यात तो आयकराच्या ९ टक्के. घरात टीव्ही असो-नसो, सार्वजनिक नभोवाणीची वर्गणी महिन्याला १८ युरो ३६ सेंट. कुत्र्यावर कर आहेच. गळ्यात पालिकेचा बिल्ला घालून ती कुत्री अशा रुबाबात चालतात, की इंटर्नने बाजूला व्हावं. आणि सर्वांत गोड म्हणजे फसफसत्या वाइनवरचा कर. तो १९०२ साली बसवला, कारण कैसरला आरमार वाढवायचं होतं. ते आरमार १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळ स्कापा फ्लोला त्याच्याच खलाशांनी बुडवलं. कर मात्र मधली काही वर्षं सोडली तर अजून तरंगतोय.

आमच्या विभागाचं मूळ अदिस अबाबाच्या परिषदेत होतं. जुलै २०१५ मध्ये तिथे जग जमलं आणि विकासाला पैसा कुठून आणायचा यावर खल झाला. निष्कर्ष असा की गरीब देशांनी आपापला कर नीट गोळा करावा, म्हणजे त्यांना मदत कमी लागेल. त्यासाठी काही श्रीमंत देशांनी करवसुलीसाठीची मदत पाच वर्षांत दुप्पट करण्याचा शब्द दिला. मदत कमी लागावी म्हणून मदत वाढवायची. यात चूक काही नाही, पण हे वाक्य मी आईला फोनवर तीनदा सांगून पाहिलं.

मला जे खरोखर खटकलं ते वेगळंच. परदेशी मदतीच्या प्रकल्पासाठी येणारी गाडी, संगणक, यंत्रं यांवर यजमान देशाने कर लावू नये, अशी अट मदत देणारे देश वर्षानुवर्षं घालत आले आहेत. म्हणजे कर कसा वसूल करावा हे शिकवायला निघालेल्या साहेबाची गाडी बंदरातून बाहेर पडते ती कर न भरता! आता यावर टीका होते, संयुक्त राष्ट्रांच्या करसमितीने मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. पण जगाला करशिस्त सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचा पगार अजूनही आयकरमुक्तच असतो. हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की काकूंनी फोन काढून घेतला. पलीकडून त्यांचा आवाज आला, “कर नाही त्याला डर कशाला!”

काकांना पटलेली योजना एकच. ‘टॅक्स इन्स्पेक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ नावाचा उपक्रम आहे, तोही २०१५चाच. अनुभवी करनिरीक्षक दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी बसतात आणि प्रत्यक्ष कंपन्यांच्या वह्या तपासायला मदत करतात. भारतातल्या अधिकाऱ्यांनी भूतान, सेशेल्सला असं साहाय्य दिलं आहे. “म्हणजे धाडी आहेत!” काका म्हणाले. मग जरा थांबून, “सेशेल्सला समुद्र चांगला आहे म्हणतात.”

शाश्वत वित्ताकडे वळू. कोणत्या उद्योगाला ‘हिरवा’ म्हणायचं याचा कायदा युरोपीय संघाने २०२० मध्ये केला. २०२२ मध्ये त्या यादीत नैसर्गिक वायू आणि अणुवीज अटींसह आले. फ्रान्सला अणुवीज प्यारी, जर्मनीला वायू, आणि ऑस्ट्रिया तर कोर्टात गेला. माझे सहकारी यावर हळहळत. मला काही वाटलं नाही. गहू चालत नाही पण साबुदाणा चालतो, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटाही उपवासाला चालतो, हे ज्या घरात कधीच ठरून गेलंय तिथली मी मुलगी.

विभागात भारतीय मी एकटीच, त्यामुळे ‘भारत’ शब्द निघाला की माना माझ्याकडे वळत. एकदा रोख्यांवर चर्चा चालली होती. मी अभिमानाने सांगितलं, पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, ते मुंबई शेअर बाजारात नोंदलेही गेले. एकाने कौतुकाने विचारलं, “मग आता चोवीस तास पाणी येतं?” मी म्हटलं, “रोखे नोंदले गेलेत.” इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे हा भाग त्यात आला नाही.

मग २०२४चा जून आला. माझ्याकडे एका सादरीकरणाचं काम होतं. पर्यावरण कर, त्यातून हिरवा बाण, बाणाच्या टोकाला हसरी पृथ्वी. त्याच आठवड्यात केनियाच्या वित्त विधेयकाच्या बातम्या येत होत्या. त्यात ब्रेडवर १६ टक्के व्हॅट सुचवला होता आणि ‘इको लेव्ही’ही होती, जी लहान मुलांच्या डायपरवर आणि सॅनिटरी पॅडवर पडणार होती. सरकारने काही तरतुदी मागे घेतल्या, पण तोवर तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती. २५ जूनला ती नैरोबीच्या संसदेत घुसली, गोळीबार झाला, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. आमच्याकडे एक केनियन सहकारी होती. तिने माझी स्लाइड पाहिली, बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, “या बाणात डायपर कुठे आहे?” मी तो बाण काढला. साहेबांनी पुन्हा घातला, आधीपेक्षा जाड.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. कर शिकवणाऱ्यांनी आधी तो स्वतः भरावा, आणि हिरवा कर सुचवणाऱ्याने आधी वाण्याच्या दुकानात जाऊन यावं.

कुणाला अशा इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा असेल तर जरूर करा. जग बघायला मिळतं, माणसं भली असतात, कॉफी फुकट. एक्सेल मात्र घरून शिकून जा; अर्थशास्त्र तिथे सगळ्यांनाच येतं. खोली घेताना घरमालकाकडून नोंदणीचा कागद आधी सही करून घ्या, त्याशिवाय करक्रमांक हलत नाही. आणि नभोवाणीची वर्गणी घरातलं कोण भरतं ते विचारा. ती घरामागे एकच द्यायची असते.