घोडा बदलला, खोगीर तेच

बदलापूर हे नाव कसं पडलं, याची आमच्या गावात एक लाडकी गोष्ट आहे. जुन्या काळी इथे सैन्याचे थकलेले घोडे सोडून ताजे घेत. घोडे बदलायचं गाव म्हणून बदलापूर. खरं-खोटं इतिहासकारांनी ठरवावं. मी इथे अठरा वर्षं राहतोय आणि एवढ्या काळात साधा किराणावालाही बदललेला नाही.

असा मी २०२५ च्या ऑगस्टमध्ये घोडा बदलायला निघालो. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबरला थांबणार होती आणि विंडोज ११ च्या प्रोसेसरांच्या यादीत माझा २०१६ चा लॅपटॉप बसत नव्हता. नवा लॅपटॉप घेण्याचा विषय मी घरात काढला आणि चहा संपायच्या आत मागे घेतला.

तेवढ्यात अंबरनाथहून मेहुणा आला. त्याचं घर शिवमंदिराजवळ. "भावोजी, आमचं मंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. अजून उभं आहे. तुमचा नऊ वर्षांचा लॅपटॉप कसा म्हातारा झाला? लिनक्स टाका. फुकट आहे."

'फुकट' या शब्दापुढे माझी विचारशक्ती नेहमीच हात जोडते. मेहुण्याने वधूवर सूचक मंडळाच्या वहीसारखी एक यादीच करून दिली. डावीकडे माझी जुनी सॉफ्टवेअरं, उजवीकडे त्यांची स्थळं: वर्डला लिबरऑफिस रायटर, एक्सेलला कॅल्क, पीडीएफसाठी ओक्युलर, फोटोशॉपला गिंप. (माझं फोटोशॉप मुळात कुठून आलं होतं, ते विचारू नका. दुकानदाराने बिल दिलं नव्हतं, एवढंच सांगतो.) टॅलीला मात्र स्थळ सापडेना, कारण ते लिनक्ससाठी निघतच नाही. "मग वाइन टाका," मेहुणा फोनवर म्हणाला. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची ती एक सोय आहे. मी मोठ्याने "बरं, रात्री वाइन टाकतो" म्हणालो आणि फोन ठेवून वळलो. श्रावण चालू होता. पुढचे दोन दिवस मला चहासुद्धा मागून घ्यावा लागला.

लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून तासाभरात बसलं. मग पंधरा ऑगस्ट उजाडला. मी आमच्या सोसायटीचा सचिव. झेंडावंदनाचा फोटो गिंपमध्ये कापून, सेव्ह करून अठ्ठेचाळीस सभासदांना ग्रुपवर पाठवला. गिंप नुसतं सेव्ह केलं की आपल्या एक्ससीएफ या खास प्रकारात फाइल ठेवतं आणि जेपेगसाठी एक्स्पोर्ट करावं लागतं, हे मला नंतर कळलं. ती फाइल कुणाच्याच फोनवर उघडत नव्हती. तरी सात जणांनी "अप्रतिम फोटो!" असं लिहिलं. आजवर माझे फोटो किती आवडीने पाहिले जात होते, त्याचा त्या दिवशी उलगडा झाला.

खरा प्रसंग सप्टेंबरात आला. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते. मी गेल्या वर्षीची नोटीस उघडली. तारीख तेवढी बदलायची, ही माझी सचिवपदाची एकूण कार्यपद्धती. पाहतो तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा! जिथे 'सभा' हवं तिथे 'एल एच के के'. दुसरी फाइल उघडली, तीच गत. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार बरबटलेला. रात्री अकराला मेहुण्याला फोन केला.

"भावोजी, लिनक्सला सहसा व्हायरस लागत नाही."

"मग मी पहिला असेन," मी म्हणालो. त्या संकटातही आवाजात थोडा अभिमान होता.

सकाळी लॅपटॉप पोटाशी धरून उल्हासनगर गाठलं. फाळणीत सिंध सोडून आलेल्यांनी लष्करी छावण्यांत संसार मांडून हे शहर उभं केलं. पत्ता अजूनही कॅम्प एक ते पाचमध्येच सांगतात. कुठल्याही गोष्टीला पर्याय शोधण्यात या शहराचा हात कुणी धरू शकत नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तर मुंबईभर झाला. मीही तो वर्षानुवर्षं दात काढून सांगत आलोय.

दुकानातल्या विशीतल्या पोराने माझा चिवडा अर्धा मिनिट पाहिला आणि म्हणाला, "अंकल, ये व्हायरस नहीं है. ये आपकी मराठी है."

मग त्याने समजावलं. मी इतकी वर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करत होतो. त्यात 'स' उमटवायला आपण इंग्रजी 'एल' दाबतो आणि फाइलमध्ये साठतोही 'एल'च. फॉन्ट फक्त त्याला 'स'चा मुखवटा चढवतो. लिनक्सवर तो फॉन्ट नव्हता, मुखवटा गळून पडला. युनिकोडमध्ये मात्र 'स'ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कुठेही 'स'च राहतो. थोडक्यात, मराठी भाषा दिनाला दरवर्षी सोसायटीत भाषण ठोकणारा मी, अकरा वर्षांत मराठीचं एक अक्षरही साठवलेलं नव्हतं. डुप्लिकेट मालावरून ज्या शहराची थट्टा केली, त्याच शहरात जाऊन माझी मराठी डुप्लिकेट निघाली.

पोराने सगळ्या फायली युनिकोडमध्ये बदलून दिल्या. काही रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, पण भाषा ओळखू येत होती. नोटीस वेळेत लागली. मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला घेतला. तो विंडोज असो की लिनक्स, सारखाच चालतो. पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या नोटिशीला आता पाऊण तास लागतो. त्यामुळे नोटिसा कमी निघतात आणि सोसायटीत शांतता आहे.

युनिकोडचा मोठा फायदा म्हणजे शब्द शोधता येतो. सभेत मी तो कौतुकाने पडद्यावर करून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "सहज 'गळती' शोधा." तेवीस पत्रं निघाली. सगळ्यांवर सही माझी, सगळ्यांत वाक्य एकच: 'गच्चीची दुरुस्ती लवकरच हाती घेण्यात येईल.' कृतिदेवने माझी अब्रू किती निष्ठेने सांभाळली होती!

गच्ची अजून गळते. सभासद सचिवपदासाठी पर्याय शोधताहेत. फुकट काम करणारा हवाय, त्यामुळे अजून मिळालेला नाही.