काका आले, पळा!

कुठलं ॲप चांगलं, असं कॉलेजच्या पोरांना विचारू नये. ती कॅमेरा, फिल्टर, रील असं काहीबाही सांगतात आणि मुद्द्याचं गिळून टाकतात. विचारायचं ते असं: तुझ्या घरातलं तिथे कोण कोण आहे? मग एकेका साइटचा भाव पटापट कळतो. थोरले काका जिथे आहेत ती साइट बाद. आत्या आहे, पण तिला अजून कॉमेंट टाकता येत नाही, ती कामचलाऊ. नात्यातलं अजून कुणीच पोचलेलं नाही ती सर्वोत्तम, मग ती दर पाच मिनिटांनी बंद का पडेना.

हा निकष आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज लावला जातो. शेजारच्या टेबलावर चहा निवेपर्यंत बसून तो ऐकणं हा मी प्राध्यापकीचाच भाग समजतो.

‘‘फेसबुकवर असतं कोण आता?’’ परवा एसवायच्या एका मुलीने विचारलं.

‘‘माझी आजी,’’ दुसरी म्हणाली. ‘‘काल तिने माझ्या दहावीच्या फोटोला ‘गोड’ लिहिलं. दहावीच्या! वेण्या आहेत यार मला त्यात. आता तो सगळ्यांना वर दिसतोय.’’

हेच फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये निघालं तेव्हा कॉलेजचा ईमेल असल्याशिवाय आत घेत नव्हतं, हे सांगून पोरांना पटत नाही. सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं. आता काका म्हटले की तेराच्या वरच असायचे. तिथेच घोळ झाला.

फेसबुकवर हात आखडता घेण्याचं एक कारण नात्याबाहेरचंही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एकीने बंदबद्दल चार शब्द लिहिले, दुसरीने ते लाइक केले, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. तेव्हा गाजलेलं कलम ६६ अ सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. आजची पोरं त्या वेळी बालवाडीत असतील. पण ‘‘लाइक करताना जरा बघून करत जा’’ हा सल्ला घरोघरी मुक्कामाला आहे तो आहेच.

तर मंडळी इन्स्टाग्रामवर आली. तिथे एकाच्या नावावर दोन खाती असतात. एक मेन: त्यात किल्ल्यावरचा पाठमोरा फोटो, नवरात्रातला घागरा, बायोमध्ये गावाचं नाव आणि भगवा झेंडा. दुसरं स्पॅम: त्यात तोच मुलगा तोंड वाकडं करून केटी लागल्याचं जाहीर करतो. मेनवर आठशे माणसं, स्पॅमवर अकरा. त्या अकरांत येण्यासाठी वर्गात जेवढं राजकारण चालतं तेवढं आमच्या विद्यापीठाच्या सिनेटलाही जमायचं नाही.

स्टोरी टाकणं हे तर कौशल्याचं काम. एका पोराला मी जवळून पाहिलं. फोटो साधाच होता, पानशेतला पाण्यात पाय सोडून पाच जण. तो काढायला दोन सेकंद लागले असतील. मग सुरू झालं कुणाकुणापासून लपवायचं त्याचं काम. आई, दादा, क्लासचे सर, सुनीलकाका. पुढे पुन्हा सुनीलकाका. मग ‘सुनीलकाका न्यू’. मी भुवया वर केल्या, तर तो म्हणाला, ‘‘पासवर्ड विसरतात ते. दर वेळी नवीन अकाउंट काढतात. आणि सगळ्यांत आधी मला फॉलो करतात.’’ स्टोरी चोवीस तासांत आपोआप पुसली जाते; लपवायची यादी मात्र पिढीजात चालत राहणार असं दिसतं.

स्नॅपचॅटवर तूर्त शांतता आहे, कारण तिथे नेमकं काय करायचं हे एकाही काकांना उमगलेलं नाही. खरं तर मलाही नाही. पोरं दिवसातून एकदा छताचा, बाकाचा किंवा स्वतःच्या अर्ध्या कपाळाचा फोटो एकमेकांना धाडतात आणि समोरच्याने तसाच काहीतरी परत धाडायचा असतो. याला स्ट्रीक म्हणतात. एक दिवस चुकला की नावापुढची आग विझते. माझ्या तासाला ज्याची हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही, त्याची स्ट्रीक चारशेच्या वर आहे. घरी फोन जप्त होतो तेव्हा पासवर्ड मित्राकडे सोपवतात. म्हणजे प्रॉक्सी तिथेही लागते.

व्हॉट्सॲप कुणाला आवडत नाही आणि कुणाला सुटत नाही. वर्गाचा एक ग्रुप ‘ऑफिशियल’, ज्यात मी आहे आणि जिथे सगळे ‘येस सर’ लिहितात. दुसरा ‘ऑफिशियल विदाउट सर’. तिसऱ्यात सीआरही नाही. तिसऱ्याचं मला कसं कळलं ते इथे सांगत नाही, कारण सीआर हे सदर वाचते. निळ्या टिका सगळ्यांनीच बंद करून ठेवल्यात. बंद केल्या की दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत, हा सौदा सगळ्यांना मान्य आहे. आमच्या ऑर्कुटवर हेच होतं: प्रोफाइलला कोण डोकावून गेलं ते बघायचं, तर आपलं डोकावणंही दिसणार. तरी आम्ही डोकावायचो, आणि ‘मी तुझं टेस्टिमोनियल लिहितो, तू माझं लिही’ असे करारही करायचो. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने ते दुकान बंद केलं, तोवर सुदैवाने काकांना पत्ता लागला नव्हता.

खरी मौज पुढेच. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ साली १ अब्ज डॉलरला घेतलं आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲपचा सौदा १९ अब्जांना केला. पोरं ओसरीवरून माडीवर पळाली खरी; वाड्याचा मालक तोच. शिवाय काकांनी आपल्या फोनमधले सगळे नंबर ॲपच्या हवाली केले, की हाच मालक त्यांना नम्रपणे सुचवतो: आपण यांना ओळखत असाल. वर पुतण्याचा फोटो.

हे मी टेबलावर सांगून टाकलं. वाटलं, धक्का बसेल. पानशेतवाल्याने समोसा संपवला.

‘‘माहितीये की सर. मेटाला सगळंच माहीत असतं. पण मेटा माझ्या आईला फोन थोडीच करणारे?’’

टीवायला गेलं की ही पळापळ थांबते. तिथे लिंक्डइन सुरू होतं, आणि वडीलधारी माणसं अचानक हवीहवीशी वाटू लागतात. मंडळाची वर्गणी गोळा करणारा तिथे ‘फंडरेझिंग असोसिएट’ असतो, गॅदरिंगला खुर्च्या मांडणारा ‘ऑपरेशन्स लीड’. सकाळच्या लेक्चरला कधीही न दिसलेल्या एका विद्यार्थ्याने तिथे आपल्या कौशल्यांत ‘टाइम मॅनेजमेंट’ लिहिलंय. गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांनी खातं उघडलं आणि या कौशल्याला जाहीर दुजोरा दिला. पोरगा धावत माझ्याकडे आला, हे काढता येतं का विचारायला. येतं, मी म्हटलं, लपवायची सोय आहे. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

‘‘राहू दे सर. एवढं एकच आलंय.’’