जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणास खुले पत्र

पिठ्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो मिळणार नाही.

होळी झाली, थंडी सरली, जास्वंदीला नवी पालवी फुटली आणि तू हजर. माती कोणी बदलली, शेणखत कोणी घातलं, दुपारचं ऊन सोसेना म्हणून हिरवी जाळी कोणी बांधली, याची चौकशी तू कधी केलीस? तुला ठाऊक एवढंच की शेंडा कोवळा आहे. त्यात सोंड खुपसायची आणि जागचं न हलता रस ओढत बसायचं. तुझ्या माद्या तर सगळा जन्म एका फांदीवर काढतात. नराला पंख असतात, पण मोठा झाल्यावर त्याला खाताच येत नाही, चार दिवसांत मरतो. म्हणजे खाण्याचं सगळं काम त्या माद्यांकडे आणि पोरांकडे, आणि ती ते रात्रंदिवस करतात.

तुझा उद्योग मी जवळून पाहिला आहे. पान आणि फांदी जिथे मिळतात त्या बेचक्यात आधी एक पांढरा ठिपका येतो, धूळ समजून सोडून द्यावा इतका बारीक. नखाने खरवडला तर बोटाला गुलाबी ओल लागते. सोडून दिला तर आठवडाभरात तिथे कापसासारखा पुंजका, आणि त्यात अंडी. एकेक मादी पाचशेच्या आसपास घालते. या उन्हात महिनाभरात त्यांचीही पोरं होतात. शेंड्याची पानं मग उलगडतच नाहीत. आकसतात, वेडीवाकडी होतात, पेरं आखूड होऊन टोकाला नुसता गुच्छा उरतो. नुसता रस प्यायला असतास तर झाडाने सोसलं असतं, पण तुझ्या लाळेत विष आहे. पुढची वाढच त्याने बिघडते. कळी धरते, पिवळी पडते आणि गळून कुंडीत पडते.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. त्या एका दिवसासाठी झाड कितीतरी दिवस कळी पोसतं. लाल, पाच पाकळ्यांची देशी जास्वंद आपल्याकडे दारात असते ती गणपतीसाठी. मंगळवारी हात वर करावा आणि फूल मिळावं, एवढीच घरातल्या म्हाताऱ्या माणसांची अपेक्षा. तू ती कळी उमलूच देत नाहीस. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

शिवाय तुझी घाण. रस पितोस पोटाला झेपेल त्याहून जास्त, आणि उरलेली साखर चिकट थेंबांनी खालच्या पानांवर सोडतोस. पानं चिकटतात, त्यांच्यावर काळी बुरशी चढते, ऊन पानापर्यंत पोचत नाही. बाल्कनीचा कठडा आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडेही तू सोडले नाहीस.

त्याच चिकट थेंबांवर तू मुंग्या पोसल्यास. काळ्या मुंग्यांची रांग फांदीवर चढताना दिसली की वर तू आहेस हे मी पाहिल्याशिवाय सांगते. त्या तुझी पिल्लं उचलून ताज्या फांदीवर नेऊन ठेवतात, तुला खायला आलेल्या किड्यांना चावून हाकलतात. इतका भित्रा आहेस तू, की पहारेकऱ्यांशिवाय तुझं पान हलत नाही. म्हणून मी आधी पहारा उठवला. दुधा-तुपाच्या कपाटाच्या पायांखाली पूर्वी पाण्याच्या वाट्या ठेवत, तशा कुंड्या आता पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या विटांवर आहेत. पाणी दोन दिवसांनी बदलते, नाहीतर डासांना घर मिळायचं. भिंतीला आणि ग्रिलला टेकलेल्या फांद्या कापल्या, कारण तो तुमचा चोरवाटेचा पूल होता. जमिनीतल्या झाडाच्या खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून त्या कागदावर ग्रीस लावलं, सालीवर नाही.

तुझी कुळकथा मला माहीत आहे. 1908 साली ग्रीन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने भारतातल्या नमुन्यांवरून तुझं वर्णन लिहिलं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला तुझी ओळख करून द्यावी लागत नाही. घडात शिरून तू त्याचं वर्षभराचं कष्टाचं पीक बाजारातून बाद करतोस. 1994 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर सापडलास आणि तिथल्या जास्वंदीही झोडपल्यास. तुझा पपईवरचा चुलतभाऊ 2008 मध्ये कोइमतूरला उतरला आणि पुढे आपल्याकडच्या पपईच्या बागांतही शिरला. सगळं घराणं एका माळेचं.

पण तुझ्यावर उतारा शंभर वर्षांहून जुना आहे. क्रिप्टोलेमस नावाचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा 1898 मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला. तिथे त्याने फारसं काही केलं नाही, पण तू त्याला आवडलास. काळपट पाठ, नारिंगी डोकं, मसुराच्या डाळीएवढा जीव. त्याची अळी तर तुझी अंडी पुंजक्यासकट खाते. अडचण एकच. ती अळीही तुझ्यासारखी पांढरी, मेणाच्या झालरी अंगावर घेऊन फिरते. लोक तिला तू समजून चिरडतात. मला फरक कळतो. अळी तुझ्याहून मोठी असते, झालरी लांब असतात, आणि मुख्य म्हणजे ती चालते. फांदीला टिचकी मारली की ती लगबगीने पळते, तू तिथेच चिकटून राहतोस. आमच्या सोसायटीत ज्यांच्या ज्यांच्या कुंड्या आहेत त्या सगळ्यांना हा फरक मी भिंग देऊन दाखवला आहे, आणि पुढेही दाखवत राहीन.

तुझं खरं भांडवल आमची घाई. पांढरं दिसलं की माणूस दुकानात धावतो, ‘जालीम काहीतरी द्या’ म्हणतो आणि मिळेल ती बाटली आणून फवारतो. मेणाच्या थराआड तुला त्याचा अर्धाच मार बसतो. पुंजक्यातली अंडी तर सुखरूप. मरतात ते ढालकिडे, कोळी, मधमाश्या. मग पुढच्या पंधरवड्यात तू दुप्पट होतोस, आणि दुकानदार त्याहून जालीम बाटली काढतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. पोटासाठी राबणाऱ्या माणसांचा त्या विषाने जीव घेतला. मी ते फुलांसाठी, लेकरं खेळतात त्या बाल्कनीत फवारू? तू कितीही माजलास तरी ते होणार नाही.

माझ्याकडे वेळ आहे आणि डोळे आहेत. सकाळी पाणी घालताना प्रत्येक शेंडा उलटून बघते. थोडा असलास तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. तेही अंगाच्या साध्या साबणाचं, कपड्यांच्या पावडरीने पानं करपतात. जास्त असलास तर गुच्छा झालेला शेंडाच कापते आणि साबणाच्या पाण्यात बुडवते. कापलेला शेंडा कंपोस्टच्या डब्यात टाकणं म्हणजे तुला घर बांधून देणं. मग नळीने पाण्याचा जोरदार झोत, पानांच्या खालच्या बाजूने. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निंबोळी तेल, थोड्या साबणात फेटून. भर दुपारी तेल मारलं तर पान जळेल आणि तुझं काम मीच केल्यासारखं होईल. आठवड्याने पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्याने पुन्हा, कारण अंड्यांतून तू हप्त्याहप्त्याने बाहेर येतोस.

युरिया बंद केला आहे. त्याने पालवी लुसलुशीत होते आणि तुझी मेजवानी होते. पाणी मात्र चुकवत नाही, तहानलेलं झाड तुला लवकर बळी पडतं. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन आहे. आणि नर्सरीतून आलेली नवी कुंडी दोन आठवडे जिन्याजवळ वेगळी ठेवते. यंदा तू तसाच आलास, एका स्वस्त गुलाबी जास्वंदीच्या पानाआड. विकणाऱ्याने पान उलटून दाखवलं नव्हतं.

पावसाच्या सरी लागल्या की तू धुऊन जातोस, संख्या घटते, हे दोघांनाही माहीत आहे. पण तोवर चैत्र आहे, वैशाख आहे, आणि मला मृगाची वाट बघत बसायचं नाही. पुरता जाणार नाहीस, सालीच्या भेगेत दडशील, हेही जाणते. दडून बस. कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत, कठड्याकडच्या फांदीवर, खालून दुसऱ्या पानाच्या मागे तू नवा पुंजका घातला आहेस. सकाळी दिसला मला. ब्रश घेऊन आज संध्याकाळी येते.

— जास्वंदीची राखणदार