पेठेत चालताना डावीकडे बघा

पुणेकराकडून पैसे घेऊन त्यालाच पुणं दाखवायचं, हा धंदा ज्याला पहिल्यांदा सुचला त्याचं काळीज वाघाचं असणार. ‘चला, पेठेतून जरा फिरून येऊ’ असं म्हटलं तर घरातलं कोणी चप्पलसुद्धा घालणार नाही. ‘हेरिटेज वॉक’ म्हटलं की माणसं आगाऊ पैसे भरतात आणि सुट्टीच्या दिवशी सहाचा गजर लावतात.

सकाळी सातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जमायचं होतं. सातच्या ठोक्याला गाईड आणि एक टोपीवाले निवृत्त बँक अधिकारी एवढेच हजर होते, असं त्या अधिकाऱ्यांनी पुढे वॉक संपेपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं. बाकीची मंडळी पार्किंग शोधत होती. बाणेरचं एक जोडपं पायात ट्रेकिंगचे बूट आणि पाठीवर सॅक अशा थाटात आलं होतं. राजगडाचा बेत आयत्या वेळी बारगळल्यासारखं. एक आजी होत्या आणि त्यांचा न्यू जर्सीहून आलेला नातू. नातवाला मराठी उत्तम कळत होतं, पण आजींना ते मान्य नव्हतं. गाईडचं प्रत्येक वाक्य त्या त्याला पुन्हा मराठीतच, फक्त मोठ्यानं सांगत होत्या. मी कोथरूडचा. पेठेतल्या माणसाच्या हिशोबात बाणेर, कोथरूड आणि न्यू जर्सी ही साधारण एकाच दिशेची गावं आहेत.

गाईड म्हणजे इतिहासात एम. ए. करणारी मुलगी. कमरेला छोटा स्पीकर, आवाज खणखणीत, तयारी कडक. ‘‘पायाभरणी 10 जानेवारी 1730, वास्तुशांत 22 जानेवारी 1732. दोन्ही दिवशी शनिवार.’’ बाणेरकरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या फ्लॅटचा ताबा मिळायला सहा वर्षं लागली होती. ‘‘लिफ्ट नव्हती ना पण,’’ नवरा पुटपुटला. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी प्रत्येकानं एकेका खिळ्याला बोट लावून धार तपासली.

आत गेल्यावर मात्र गाईडची खरी परीक्षा सुरू झाली. 1828 साली वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती, त्यामुळे आत उरलीत ती मुख्यतः जोती. ‘‘इथे सात मजली इमारत होती,’’ असं म्हणत ती मुलगी हवेत हातवारे करून मजले चढवत होती आणि आमच्या माना तिच्या हातामागून वर जात होत्या. ‘‘सात दिवस आग? म्हणजे कुणी विझवायला आलंच नाही?’’ टोपीवाल्यांनी विचारलं. स्वरात असा जाब होता की 1828 च्या कलेक्टरनं आजही स्पष्टीकरण द्यावं. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, ‘‘इमारत नाही, तर तिकीट कशाचं?’’ जोत्यांचं, काका.

मंडळी खऱ्या अर्थानं जागी झाली ती नारायणरावाच्या खुनाला. 30 ऑगस्ट 1773, गारदी मागे लागलेले, सतरा-अठरा वर्षांचा पेशवा जिवाच्या आकांतानं चुलत्याकडे, राघोबाकडे धावतोय. गाईडनं आवाज खाली आणला, क्षणभर थांबली आणि एकदम ओरडली, ‘‘काका, मला वाचवा!’’ तीन जण दचकून ‘‘काय झालं?’’ म्हणत पुढे सरसावले. सकाळपासून ती आम्हा सर्वांनाच काका म्हणत होती, त्यामुळे त्यांची चूक म्हणता येणार नाही. राघोबापेक्षा आमचे काका बरे निघाले, एवढं इतिहासात नोंदवायला हरकत नाही.

लाल महालात थोडी नाराजी पसरली. समोर दिसते ती वास्तू महापालिकेनं 1980 च्या दशकात उभारलेली आहे, मूळ वाडा केव्हाच गेला, हे ऐकून बाणेरच्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी नुकताच एका खिडकीपाशी फोटो काढला होता. ‘‘म्हणजे शाहिस्तेखान इथून पळाला नाही?’’ ‘‘पळाला ना. 1663 मध्ये, बोटं गमावून. फक्त या खिडकीतून नाही.’’ बाईंनी फोटो मात्र पुसला नाही.

कसबा गणपतीला हात जोडून बाहेर आलो आणि तिथे घात झाला. गाईड सहज म्हणाली, ‘‘हा मानाचा पहिला. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो...’’ एवढ्यात दुधाची पिशवी घेऊन चाललेले एक गृहस्थ थांबले. पेठेत वाक्य अर्धवट सोडू नये. ते पुरं करायला कोणीतरी उभंच असतं. ‘‘कोणी सुरू केला म्हणता?’’ त्यांनी विचारलं. गाईड हुशार, ‘‘भाऊ रंगारींनी 1892 साली गणपती बसवला आणि टिळकांनी उत्सव महाराष्ट्रभर नेला.’’ यावर भांडणाला जागाच नव्हती. पण जागा नाही म्हणून भांडण झालं नाही, असं पुण्यात कधी होत नाही. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेल्यांनी ब्रश बाहेर काढून 1893 आणि 1894 या दोन सालांवर आपलं मत दिलं. टोपीवाले त्यात उतरले. दूधवाले गृहस्थ तावातावानं ‘‘आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय’’ म्हणाले, त्यावर ब्रशवाल्यांनी आजोबांचं जन्मसाल विचारलं. गाईड बाजूला होऊन पाणी प्यायली. माझ्या मते वॉकचे पैसे इथेच वसूल झाले. नुसतं ‘याने सुरू केलं’ ऐकून आम्ही पुढे गेलो असतो. दूध नासेपर्यंत चाललेल्या त्या वादात भाऊ रंगारी, टिळक आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मिरवणुका सगळं ओट्यावर आलं.

चालता चालता देवांच्या नावांची उजळणी झाली: जिलब्या मारुती, बटाट्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. नातवानं पहिल्यांदाच तोंड उघडलं, ‘‘देवानं खून केला?’’ देवानं नाही, प्रतिष्ठापनेच्या वेळी चकमक झाली आणि त्यात माणसं मेली, असं गाईडनं सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘‘अरे, नावं ठेवायला इथे देवसुद्धा सुटत नाही.’’

कात्रजच्या नळाची गोष्ट बाणेरकरांना झोंबली. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. ना पंप, ना वीज. ‘‘आमच्याकडे टँकर येतो,’’ बाई म्हणाल्या आणि बराच वेळ कोणी त्यांच्याशी त्या विषयावर बोललं नाही.

तांबट आळीत गाईडचा स्पीकर हरला. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पडतात आणि त्यातून घंगाळ, हंडे, बंब घडतात. एकाला एक लागून पडणाऱ्या या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. त्यानं भांड्याला नुसती चकाकी येत नाही, पत्रा टणकही होतो. एक कारागीर मान खाली घालून ठोके घालत होता आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती मोबाइल धरून उभे. शेवटी त्यानं मान वर केली. ‘‘घ्यायचंय का काही?’’ सगळ्यांनी एकदम मोबाइल खिशात टाकले. आजी तेवढ्या पुढे झाल्या. त्यांच्या माळ्यावर एक बंब होता, त्याची तोटी गळत होती. कुठून गळते, कधीपासून, राख कशी काढता, शेवटची कल्हई कधी, अशी दोघांची सविस्तर तपासणी झाली. ‘‘घेऊन या, झाळून देतो,’’ असं ठरलं, तोवर गाईड घड्याळ बघून हवालदिल झाली होती.

त्यामुळे पुढचा भाग पळत झाला. भिडेवाड्याची जागा, जिथे 1 जानेवारी 1848 ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तिथे आमची निम्मी मंडळी रस्त्याकडे तोंड करून समोरच्या दगडूशेठ गणपतीला नमस्कार करत होती. जुना वाडा स्मारकासाठी 2023 च्या डिसेंबरात पाडला गेला, हे वाक्य उरलेल्या निम्म्यांनी ऐकलं. तुळशीबाग अजून उघडायची होती, याचा गाईडला मनापासून आनंद झाला. ती उघडी असती तर वॉक तिथेच विसर्जित झाला असता.

शेवट मंडईत. 1886 ची अष्टकोनी इमारत, नाव रे मार्केट. हा खर्च नको, पैसा शिक्षणावर घाला, असं म्हणून ज्या जोतीराव फुल्यांनी तिला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला मिळालं. टोपीवाल्यांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘बरोबर. आमच्या सोसायटीतही विरोध करणाऱ्यालाच सेक्रेटरी करतात.’’

तुम्ही जाणार असाल तर गाडी घरी ठेवा, मेट्रो थेट कसबा पेठेत आणि मंडईत उतरवते. पोटात काहीतरी घालून निघा. आणि तांबट आळीत फोटो काढलात, तर निदान एक तांब्या विकत घ्या, घासाघीस न करता.