खड्ड्यांची खानेसुमारी

वऱ्हाडातील मनुष्यास विम्याचे महत्त्व नव्याने पटवून देण्याचे प्रयोजन नाही. रुईच्या गाठींनी भरलेल्या गुदामास एक ठिणगी पुरते, हे ज्ञान येथील जिनवाल्यांना आणि अडत्यांना वाडवडिलांपासून आहे. आणि पीकविमा हे काय प्रकरण आहे, याचे उच्च शिक्षण तर अकोला जिल्ह्यातील शेतकऱ्यांना २०२५ च्या नोव्हेंबरात असे मिळाले की, तीन, पाच, आठ आणि एकवीस रुपयांच्या नुकसानभरपाया आपल्या खात्यांत जमा झालेल्या पाहून त्यांतील काहींनी ती गडगंज दौलत धनादेशाने जिल्हाधिकाऱ्यांकडे परत केली. विमा उतरविणारा, उतरवून घेणारा आणि उतरवूनही कोरडा राहणारा असे तिन्ही वर्ग या प्रांती नांदत असताना, ज्यांच्या रस्त्यांवरून हे तिन्ही वर्ग जीव मुठीत धरून ये-जा करतात त्या अमरावती आणि अकोला या दोन नगरींनी आपल्या स्वतःच्या दायित्वाचा विमा उतरवावा काय, आणि उतरविलाच तर किती रकमेपर्यंत, हा प्रश्न कोणी गंभीरपणे उपस्थित केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

निमित्त मात्र उत्तम मिळाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने असा आदेश दिला की, खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे जो प्राणास मुकेल त्याच्या वारसांस ६ लाख रुपये, आणि जो जखमी होईल त्यास जखमेच्या मानाने ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ज्याच्या अखत्यारीत तो रस्ता असेल त्या संस्थेने द्यावी, व मागाहून ती कसूरदार कंत्राटदाराकडून वा अधिकाऱ्याकडून वसूल करावी. न्यायालयाचा हेतू उदात्त आहे, यात संशय नाही. परंतु कोणताही उदात्त हेतू लेखा विभागाच्या टेबलावर पोहोचला की त्याचा दर होतो. आजवर नागरिकाचा प्राण अमोल होता, आणि अमोल वस्तूची तरतूद अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली करावी हे ठरत नसल्यामुळे ती होत नसे. आता दर निघाला. दर निघाला म्हणजे विमा कंपनीला बोलावण्याइतकी तयारी झाली.

कल्पना करू या की असा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे दोन्ही महानगरपालिकांत लोकनियुक्त सभागृह नव्हते, आणि आयुक्त हेच प्रशासक या नात्याने स्वतःच स्वतःपुढे प्रस्ताव ठेवून, त्यावर स्वतःशी साधकबाधक विचारविनिमय करून, तो एकमताने संमत करीत असत. त्या सुवर्णकाळात हे काम दोन सह्यांत उरकले असते. परंतु जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनी ही सोय मोडली, आणि आता चर्चा करणे भाग आहे. कंपनीचा प्रतिनिधी प्रस्तावपत्राचा नमुना घेऊन बसलेला आहे, चहा झालेला आहे, आणि आस्थापनेवरील सर्वांत जुना लिपिक तो नमुना भरावयास घेतो. येथपर्यंत सर्व ठीक. नाव, पत्ता, स्थापनेचे वर्ष हे रकाने निर्विघ्न पार पडतात: अमरावती १९८३, अकोला २००१. पुढचा रकाना असा: प्रस्तावकाच्या ताब्यातील सार्वजनिक रस्त्यांवर सध्या विद्यमान असलेल्या धोक्यांचे संख्यावार विवरण द्यावे.

“खड्डे मोजाले कोन जाईन जी?” असे तो लिपिक विचारतो, आणि सभागृहात शांतता पसरते.

सामान्य वाचकास वाटेल की अडचण मोजण्याच्या श्रमाची आहे. तसे नाही. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो. विमा उतरविणाऱ्याने आपल्याविषयीचे प्रत्येक महत्त्वाचे सत्य आपण होऊन सांगितले पाहिजे, आणि एखादे दडविले तर ऐन भरपाईच्या वेळी कंपनी करार रद्द करू शकते. आणि आमच्या नगरसंस्थांचे सारे संरक्षण आजवर याच्या नेमक्या उलट तत्त्वावर रचलेले आहे. खड्डा आहे असे ज्या दिवशी महानगरपालिकेच्या शिक्क्यानिशी लिहिले जाईल, त्या दिवशी तो खड्डा तिला माहीत होता असे होईल. आणि जो माहीत होता तो बुजविला का नाही, हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही वकिलास फार बुद्धी लागणार नाही. म्हणून दप्तरात खड्डा कधीच नसतो. तेथे ‘पृष्ठभाग किंचित बाधित’ असतो, ‘दुरुस्ती प्रस्तावित’ असते, फार तर ‘पावसाळ्यानंतर पाहावे’ असा शेरा असतो. हप्ता परवडत नाही म्हणून नगरी विम्यावाचून राहतात, हा गैरसमज आहे. त्यांना परवडत नाही तो हा रकाना.

या भूमिकेस वंशपरंपरा आहे, आणि ती थोर आहे. १७८८ साली इंग्लंडातील डेव्हन परगण्यात एका नादुरुस्त पुलापायी एका गाडीवानाचे नुकसान झाले. त्याने परगण्याच्या रहिवाशांवर दावा लावला, तेव्हा तेथील न्यायमूर्तींनी तो फेटाळताना असा आशय मांडला की, एकट्या माणसाने इजा सोसावी हे साऱ्या जनतेची गैरसोय होण्यापेक्षा बरे. रस्ता दुरुस्त न करणे हा रस्तेवाल्यांचा अपराध नव्हे, ही समजूत इंग्रजांनी पुढे पावणेदोनशे वर्षे जपली आणि १९६१ च्या कायद्याने अखेर मोडीत काढली. मोडीत निघालेला माल वऱ्हाडात स्वस्तात मिळतो, हे व्यापाऱ्यांस ठाऊक आहेच.

आमच्याकडील कायदा त्या मानाने उदार म्हणावा लागेल, कारण तो दावा लावू देतो. फक्त महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी, महिनाभर थांबावे, आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. मांडीचे हाड मोडलेल्या इसमाने तीन महिने निजून काढले, की निम्मी मुदत प्लास्टरमध्येच संपते. नोटीस ही तशी दुतर्फा चालणारी वस्तू आहे. पावसाळ्याच्या तोंडी शिकस्त इमारतींची यादी निघते, मालकांना नोटिसा जातात, आणि नोटीस गेली की महानगरपालिकेचा विवेक शांत झोपतो. अमरावतीत प्रभात चौक परिसरात ऑक्टोबर २०२२ मध्ये अशी एक जुनी इमारत कोसळून पाच माणसे मेली, तेव्हाही नोटीस बजावलेली होती. विमा नाही असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. हप्ता भरला जातो; तो कागदाच्या रूपाने भरला जातो, इतकेच.

दिल्लीस मात्र हा कागदही उपयोगी पडला नाही. चांदणी चौकात नगरभवनासमोरचा, म्हणजे मालकाच्या खिडकीतून रोज दिसणारा, घंटाघराचा मनोरा एके दिवशी पडला. नगरपालिकेने सांगितले की दोष गुप्त होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली नोंदविले की चुन्याची वयोमर्यादा चाळीस-पंचेचाळीस वर्षांची आणि मनोरा ऐंशी वर्षांचा, तेव्हा दोष गुप्त असो वा प्रकट, रस्त्यालगतची वास्तू सुरक्षित ठेवण्याचे दायित्व मालकाचे. या निकालाने नगरसंस्थांना एक धडा दिला, आणि त्यांनी तो तत्परतेने उचलला: मालक होऊ नये. घाटकोपरला मे २०२४ मध्ये अजस्र जाहिरातफलक कोसळून सतरा जण गेले, तेव्हा पहिली खडाजंगी झाली ती जागा कोणाची यावर. रेल्वे पोलिसांची, असे ठरण्यात महापालिकेस केवढे समाधान वाटले असेल!

या बाबतीत अमरावती भाग्यवान आहे. तिचे पाणी सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणते, त्यामुळे नळवाहिनीसाठी उकरलेल्या चराकडे बोट दाखवावयास एक स्वतंत्र सरकारी संस्था सदैव हाताशी असते. शिवाय सार्वजनिक बांधकाम विभाग आहे, महामार्गवाले आहेत, महावितरण आहे. अकोल्याची पंचाईत अशी की, महानच्या काटेपूर्णेचे पाणी महानगरपालिका स्वतःच पुरविते, आणि चर खणणारा व चरात पडणाऱ्याचे सांत्वन करणारा एकच निघतो. विमा कंपनीने अकोल्यास हप्ता चढा लावला, तर त्याचे कारण रस्त्यांत शोधू नये.

आता मर्यादेचे. जाणकारांत विम्याची मर्यादा दोन आकड्यांत बोलतात: एका अपघातामागे किती, आणि वर्षभरात मिळून किती. आमच्या कल्पनेतल्या स्थायी समितीने पहिल्या रकान्यात उच्च न्यायालयाचा मान राखून ६ लाख लिहिले. दुसऱ्या रकान्यावर तीन तास वाद झाला, आणि अखेरीस तेथेही ६ लाखच लिहावे असे ठरले. कारण त्याहून अधिक लिहिणे म्हणजे वर्षात एकाहून अधिक अपघात होतील अशी प्रशासनास अपेक्षा असल्याचे कबूल करणे होय, आणि त्याने शहराची बदनामी होईल. हप्त्याची रक्कम ‘सुरक्षा उपकर’ या नावाने घरपट्टीत घालावी, थकल्यास दरमहा दोन टक्के शास्ती लावावी, असेही सुचविण्यात आले. अकोल्याची घरपट्टीवाढ सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेली असल्यामुळे तेथील सदस्यांना या सूचनेत भय वाटण्याजोगे काही दिसले नाही. पूर्वीच्या दाव्यांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले गेले, आणि खड्ड्यांच्या रकान्यात ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’.

कंपनीचा प्रतिनिधी बिचारा नवखा होता. तो म्हणाला, मग मीच एकदा शहरातून फिरून पाहणी करतो. या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन परवानगी देण्यात आली. अट एवढीच की, पाहणीच्या दरम्यान आपणास काही इजा झाल्यास त्यास महानगरपालिका जबाबदार राहणार नाही, असे हमीपत्र त्याने पाचशेच्या मुद्रांकावर आधी लिहून द्यावे.